बाईंचा गुरुवार आणि मिस्त्रीदादांची चाकं

आमच्या डॉक्टरबाई लोकांना वार द्यायच्या. एवढा एकच गुण, पण त्यांच्याबरोबर काम करणाऱ्याला वेड लागायला तो पुरेसा होता. इतर डॉक्टर कसे, "येऊ, बघू, गाडी मिळाली तर" असं म्हणतात. त्यात माणसाला थोडी पळवाट राहते. बाईंच्या बोलण्यात ती नव्हती. निघताना सगळ्या कामकऱ्यांसमोर त्या स्वच्छ आवाजात सांगायच्या, "पुढच्या गुरुवारी येते." झालं. मग गुरुवारी जीप बिघडो, ड्रायव्हरला ताप भरो, नाहीतर कंपाउंडरच्या, म्हणजे माझ्या, सख्ख्या मेव्हण्याचं लग्न असो, बाई सकाळी छत्री आणि बॅग घेऊन दारात उभ्या. "वार दिलाय," म्हणायच्या. मेव्हण्याच्या लग्नाचा राग माझ्या बायकोने पुढे कितीतरी वर्षं माझ्यावर काढला.

बहात्तरच्या दुष्काळातले ते दिवस. नगरमधल्या एका लहानशा संस्थेचा फिरता दवाखाना होता आणि तो पाथर्डीकडच्या दुष्काळी कामांवर फिरायचा. फिरता दवाखाना म्हणजे पुढे जीप आणि तिच्या मागे जोडलेला, दोन चाकांवरचा पत्र्याचा डबा. डब्यात तपासायचं बाकडं, औषधांची कपाटं, स्टोव्ह, आणि मुक्काम पडला तर बाईंना निजायला एक फळी. मी आणि शिवराम ड्रायव्हर जीपमध्ये पाय दुमडून निजायचो. माझ्या गुडघ्यांची आज जी कुरकुर चालते, तिचा उगम त्या जीपमध्ये आहे.

हा डबा आम्हाला दान मिळाला होता. राहात्याचे एक मिस्त्री होते, उसाच्या बैलगाड्या बांधायचे. त्यांची बायको बाळंतपणात, दवाखान्याच्या वाटेवरच गेली. तेव्हा माणसाला दवाखान्यात नेण्यापेक्षा दवाखानाच वाटेवर आणावा, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी हा डबा बांधला. दारावर बायकोचं नाव रंगवलं. काम असं चोख की एक खिळा हलत नव्हता. फक्त खाली चाकं बसवली ती बैलगाडीची. लाकडी नव्हेत, हवेचीच, टायरची. पण बैलाच्या चालीसाठी केलेली. मिस्त्रीदादांच्या दुकानातला तो सगळ्यात उंची माल. "उसाचं वझं वाहत्यात ही चाकं," ते छातीवर हात ठेवून सांगायचे, "गोळ्या-औशिदाला काय भित्यात?"

ओझ्याला ती भीत नव्हतीच. ती भीत होती जीपला. बैल कधी पळत नाही आणि शिवराम कधी सावकाश चालवत नाही. उन्हाळ्यातल्या तापल्या रस्त्यावर दहा-बारा मैल गेलं की टायर हात लावू नये इतका तापायचा, मग त्याचा वरचा थर सुटायचा, आणि कुठेतरी माळावर, जिथे सावलीला एक बाभूळही नाही, अशाच ठिकाणी तो फाटकन फुटायचा. हे काही आम्हालाच कळत होतं असं नाही. शिवरामला कळत होतं, मला कळत होतं, रस्त्याने जाणाऱ्या मेंढपाळांनाही कळत होतं. आणि बाईंना तर आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं. पण चाकं बदलू या म्हटलं की बाई मान हलवायच्या. "धर्माची गाय अन् दात का गं नाय? त्या माणसाने मरणाच्या दुःखातून दिलंय हो. दिलेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत."

आम्ही नावं ठेवत नव्हतो, आम्ही ठिगळं लावत होतो. शिवराम तर गाडी चालवण्यापेक्षा जास्त वेळ गाडीखाली असायचा.

टायर फुटला की बाईंचं आणखी एक होतं. त्या आमच्यापाशी थांबायच्या नाहीत. बॅग घ्यायच्या, छत्री उघडायच्या आणि "तुम्ही या मागून" म्हणून चालायला लागायच्या. आम्ही ठिगळ लावून, हवा भरून, घामाघूम होऊन निघायचो तर बाई पुढे दोन मैलांवर. एकदा एका फाट्यावर त्या चुकीच्या रस्त्याला लागल्या. आम्ही कामावर जाऊन पोचलो, तर बाई नाहीत. अख्खी दुपार त्यांना शोधण्यात गेली. सापडल्या तेव्हा एका मेंढीच्या पायाला पट्टी बांधत होत्या आणि मलाच म्हणाल्या, "अहो कंपाउंडर, होतात कुठे? टिंक्चर संपलंय." अशा माणसावर रागवायचं तरी कुठून सुरू करायचं?

मिस्त्रीदादा अधूनमधून राहात्याहून एस.टी.ने डबा बघायला यायचे. बायकोच्या नावावरून हात फिरवायचे, मग वाकून चाकं बघायचे आणि विचारायचे, "कशी चालत्यात?" बाई म्हणायच्या, "छान." मागे उभा असलेला शिवराम दात-ओठ खायचा. ठिगळं आतून असतात, बाहेरून दिसत नाहीत, आणि आमच्यापैकी कोणी बोलायचं नाही असा बाईंचा हुकूम होता.

अशाच एका गुरुवारी दादा म्हणाले, आज मीबी येतो तुमच्यासंगं, बायकोचा डबा काम करताना डोळं भरून बघतो. तिसगावच्या पुढे पाझर तलावाचं काम चालू होतं, तिथे जायचं होतं. करंजी घाटाच्या पायथ्याशी पहिला टायर गेला. जादा चाक होतं, दादांनीच दिलेलं, त्यातलंच; ते लावलं. घाट चढून वर आलो आणि तेही गेलं.

आता खरं तर सोपं होतं. डबा सोडायचा, रस्त्याच्या कडेला दगड लावून उभा करायचा, शिवरामला त्याच्याजवळ बसवायचं, आणि बाईंनी बॅग घेऊन जीपने पुढे जायचं. जीपची चाकं धडधाकट होती आणि ती मलाही चालवता यायची. बाईंना बाजूला घेऊन मी तेच सांगितलं. बाईंनी दादांकडे बघितलं. ते खाली बसून फाटलेला टायर मांडीवर घेऊन चाचपत होते आणि म्हणत होते, "आत्ता करतो बाई, माझ्याच हातचं हाय." बाई हळूच मला म्हणाल्या, "त्यांच्या देखत त्यांच्या बायकोचं नाव रस्त्यात टाकून जायचं? थांबू थोडं."

ज्या बाई आयुष्यात कधी टायरपाशी थांबल्या नाहीत, त्या त्या दिवशी थांबल्या. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा जरा आवाज चढवून सांगितलं. त्यांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. दादांनी आतून जुन्या टायरचा तुकडा लावला. उन्हात सोल्यूशन धरेना, ट्यूब पुन्हा सुटली. त्यांनी पुन्हा लावली. छत्री दादांच्या डोक्यावर धरून बाई दिवसभर उभ्या होत्या. दिवस मावळायच्या सुमाराला चाक उभं राहिलं. बैलाच्याच चालीने तिसगावला जाऊन मुक्काम केला. दादा समाधानाने झोपले आणि दुकानाचा खोळंबा नको म्हणून पहाटेच्या एस.टी.ने राहात्याला परतले. कामावर आम्ही पोचलो ते शुक्रवारी सकाळी.

तिथे पारूबाई बसली होती. खडी फोडणारी बाई, तिशीच्या आतली. बुधवारी दगडाची कपची उडून तिच्या डाव्या डोळ्यात गेली होती. मुकादम तिला पाथर्डीच्या दवाखान्यात धाडत होता, पण बाकीच्या बायका म्हणाल्या, उद्या बेस्तरवार, उद्या बाईच येत्यात. पारूबाईलाही ते पटलं. बाईंचा वार कधी चुकला नव्हता. गुरुवारी पहाटेपासून ती डोळ्यावर पदर धरून रस्त्याच्या कडेला बसून राहिली, ते अंधार पडेपर्यंत. बाईंनी तिचा पदर बाजूला केला आणि नुसतं बघून मला म्हणाल्या, "जीप सोडवा." त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. डबा तिथेच सोडून आम्ही पारूबाईला घेऊन नगर गाठलं. डबा सोडायला तेव्हा तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. डोळा वाचला नाही.

पट्टी बांधलेली पारूबाई काही आठवड्यांनी पुन्हा कामावर आली. घरी बसून रेशनच्या मिलो ज्वारीची भाकरी तरी कोण देणार होतं? बाई तिच्यापाशी गेल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पारूबाई, तुझा डोळा माझ्यामुळे गेला. डब्याची चाकं खराब आहेत हे मला ठाऊक होतं. मी बदलली नाहीत. आणि त्या दिवशी डबा सोडून येता आलं असतं, तरी आले नाही." मला वाटलं, आता ती रडेल, नाहीतर बाईंच्या पायाशी वाकेल, तुमचा काय दोष म्हणेल, आपल्याकडे असंच होतं. पारूबाईने एका डोळ्याने डब्याच्या चाकांकडे बघितलं. मग म्हणाली, "मंग आता तरी बदला की, बाई." आणि हातोडा उचलून कामाला लागली.

आम्ही त्या दिवशी गोळ्या वाटल्या आणि तसेच डबा ओढत राहात्याला गेलो. दादा दुकानात होते. बाईंनी चहा नाकारला, उभ्यानेच म्हणाल्या, "दादा, ही चाकं काढा." दादा दुखावले. उसाचं ओझं, उंची माल, ते सगळं पुन्हा सुरू झालं. बाईंनी त्यांना पारूबाईचं सांगितलं, काही न गाळता. माणूस खालीच बसला. मग त्याने विचारलं, "त्या दिशी मी म्हनलो अस्तो, बाई, तुमी जावा म्होरं, तर?"

"तुम्ही कशाला? मी म्हणायला हवं होतं," बाई म्हणाल्या.

दादांनी जॅक लावला आणि बायकोच्या डब्याची चाकं स्वतःच्या हाताने उतरवली. तेव्हा नवे टायर सहजासहजी मिळत नव्हते. दादा नगरला जाऊन एका टायरवाल्याच्या पायरीवर असे ठाण मांडून बसले, की त्याने कंटाळून जीपच्या मापाचे दोन टायर काढून दिले. दादांनी आखाला त्या मापाची चाकं बसवली. जुनी चाकं उसाच्या गाडीला लावली, आणि तिथे ती पुढे किती हंगाम बिनतक्रार चालली, ते दादा मला भेटतील तेव्हा सांगायचे. त्या चाकांत वाईट काही नव्हतंच.

यानंतर आमचे हाल संपतील असं मला वाटलं होतं. कसचे संपतात? जी बाई दिलेल्या वस्तूला नावं ठेवत नव्हती, ती आता ठेवायची थांबेना. कोणी घोंगड्या दिल्या तर देणाऱ्याच्या समोर उलगडून उजेडात धरायच्या. मुलांसाठी सुकडीची पोती आली तर पोतं तिथेच फोडून मूठभर तोंडात टाकायच्या आणि "ही खवट आहे, परत न्या" म्हणायच्या. एका बड्या गृहस्थांनी हार-तुरे घालून दिलेली औषधांची पेटी त्यांनी मंडपातच उघडली, बाटल्यांवरच्या तारखा वाचल्या आणि पेटी त्यांच्या मांडीवर परत ठेवली. मी शरमेने खांबाआड झालो. नंतर म्हटलं, बाई, निदान ते जाईपर्यंत तरी थांबायचं. बाई म्हणाल्या, "एकदा थांबले होते."

आणि रोज सकाळी निघायच्या आधी, पातळ जरा वर धरून, दोन्ही चाकं टाचेने ठोकून बघायच्या. शिवरामने आधीच बघितली असली तरी. तो चिडायचा, मी चिडायचो. पण ते बंद करा असं म्हणायची आमची छाती झाली नाही.

पारूबाई मात्र दर गुरुवारी रस्त्याच्या कडेला, त्याच जागी, उभी असायची. औषधाला नव्हे. डबा आलेला बघायची आणि कामाला जायची. दोघी एकमेकींशी फार बोलत नसत. पाऊसपाणी झालं, काम बंद पडलं, तरी आमची त्या बाजूची फेरी चालू राहिली, आणि ती आपल्या वाडीतून चालत येऊन तिथे उभी राहायची.

पुढे बाईंची स्वतःचीच दृष्टी अधू झाली आणि त्या साताऱ्याला बहिणीकडे जायला निघाल्या. शेवटच्या गुरुवारीही त्यांनी वार चुकवला नाही. जीपमध्ये बसताना पारूबाईला म्हणाल्या, "आता पुढच्या गुरुवारपासून दुसरे डॉक्टर येतील. चांगले आहेत."

पारूबाई डब्यापाशी गेली, लुगडं जरा वर धरलं, आणि बाईंसारखीच आधी एक आणि मग दुसरं चाक टाचेने ठोकून बघितलं. मग परत येऊन जीपच्या दारात उभी राहिली.

"चांगलं असतील," ती म्हणाली, "पर तुमी गेल्यावर हे कोन बघनार?"

मेव्हण्याचं लग्न, गुडघे, ती मेंढी, खांबाआड काढलेली सगळी शरम, हे सगळं माझ्या मनात होतं. या बाईच्या तावडीतून सुटायला मी किती वर्षं देव पाण्यात घालून बसलो होतो. पण बाईंनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणून बसलो, "मी बघीन."

बाईंनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. त्यांना माझा चेहरा नीट दिसत होता की नाही कोण जाणे.

"वार दिलाय तुम्ही, कंपाउंडर," त्या म्हणाल्या, आणि शिवरामला गाडी चालू करायला सांगितलं.