सतरंजीवरचं भांडण

चांदा जिल्ह्यातल्या मूल गावच्या दवाखान्यात डॉक्टर सुभद्राबाई काही रोग्यांची नाडी सगळ्यांत शेवटी पाहत. ताप, जखम, विंचू यांना ताबडतोब आत घेत. पण औषधं खाऊनही हटत नाही असं दुखणं आलं, की व्हरांड्यात सतरंजी पडे आणि रोग्याच्या घरची सगळी माणसं तिच्यावर बसवली जात. "एकटीले काय पाहू? घर आणा," असं त्या सांगत. बाई ब्रह्मपुरीकडच्या. डॉक्टरी नागपुरात शिकल्या, बोली घरचीच राहिली. तरुणपणी मी त्यांच्या हाताखाली नर्स होते.

एका बाजारच्या दिवशी तलावात मासे धरणारा गोविंदा म्हातारा सुनेला घेऊन आला. काखेत तिच्या लुगड्यांचं गाठोडं, मागे खाली मान घातलेला मुलगा किसन. सून सर्जा हिला झटके येत. अंगारे, गंडे सगळं करून झालं होतं. "दवा लागली तं ठीक, नाईतं इथूनच माहेरी सोडतो," म्हातारा म्हणाला. तिचं लेकरू मात्र सासरीच राहणार होतं. सर्जा गाठोड्याकडे पाहत बसली होती.

बाईंनी झटक्यांबद्दल काहीच विचारलं नाही. जेवायला आधी कोण बसतं, मासे कोण विकतं, असल्या चौकशा चालवल्या. बोलता बोलता किसन वेगळी चूल मांडायचं बोलून गेला. म्हातारा उसळला, मुलगाही चढला, आणि सर्जा ताठ होऊन आडवी झाली. त्याबरोबर दोघेही गप्प. एकाने पाणी आणलं, दुसरा खांद्यावरच्या दुपट्ट्याने वारा घालू लागला. मी सर्जाला धरलं होतं. बाई त्या दोघांकडे पाहत होत्या.

मग त्यांनी तिला आत नेऊन नीट तपासलं. मिरगी नव्हती. झटक्यात तिने जीभ कधी चावली नव्हती, चुलीत किंवा पाण्यात कधी पडली नव्हती. बाहेर येऊन बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "सर्जे, तुले झटका आला का मंग घरात काय होते?"

तिने सासऱ्याकडे, नवऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हे दोघं चूप होतेत."

"म्हंजे ढोंग करून राह्यली?" म्हातारा कडाडला.

"ढोंग नाई, भाऊ. तुमचं भांडण सून आपल्या आंगावर घेते. तिले माहेरी धाडलं तं उद्या तेच भांडण लेकराच्या आंगावर जाईन," बाई म्हणाल्या.

म्हाताऱ्याचा हात गाठोड्यावरून सुटला. बाईंनी ते उचलून औषधांच्या कपाटात ठेवलं आणि उपाय सांगितला. घरात वेगळ्या चुलीचा विषय बंद. दर बाजारी बापलेकांनी फाटकं जाळं घेऊन इथे यायचं, एकाने धरायचं, दुसऱ्याने विणायचं, आणि काय भांडायचं ते भांडायचं. "हात जाळ्यात, तोंड भांडणात," बाई म्हणाल्या. तेवढ्या वेळात सर्जाने बाजारात मासे विकायचे.

दवाखान्याच्या तपासणीला चांद्याहून आलेले एक साहेब हे पाहून हसले. बाईंनी त्यांनाही सतरंजीवर बसायला जागा करून दिली.

पहिले काही बाजार व्हरांडा दणाणला. पण जाळं हातात असलं की उठून जाता येत नाही, आणि दोर ताणून धरणाऱ्याला विणणाऱ्याचं ऐकावंच लागतं. हळूहळू आवाज उतरले. अंगण एकच ठेवून त्यात दुसरी चूल मांडायचं ठरलं, जाळं दोघांचं राहिलं. सर्जाचे झटके विरळ झाले, मग थांबले.

एका बाजारी ती रिकामी टोपली घेऊन दवाखान्यात आली आणि म्हणाली, "बाई, माह्यं गाठोडं द्या." बाईंनी ते कपाटातून काढलं. सर्जा हात पुढे करते तोच म्हाताऱ्याने घेतलं आणि डोक्यावर ठेवलं.

"आजचं भांडण झालं का, भाऊ?" बाईंनी विचारलं.

"जाळं झालं, बाई. भांडण थोडं बाकी हाय."

भर बाजारातून तो सुनेचं गाठोडं डोक्यावर घेऊन घराकडे चालला, मागे सर्जा आणि किसन. बाई पुढच्या रोग्याकडे वळल्या.

घर समोर बसवून उपचार करण्याचं शास्त्र आता शहरात शिकवतात म्हणे. चांगलं आहे. मी ते सुभद्राबाईंकडे शिकले. बदली होऊन गेल्या तेव्हा सतरंजी मी मागून घेतली. धानोऱ्याच्या माझ्या दवाखान्यात ती आजही अंथरते.