चढता काटा

कागलच्या हमरस्त्याला लागून बाळासोंचं ऊसट्रॉल्या बांधायचं वर्कशॉप होतं. तिथं गॅसकटर चालवणारी ललिता ही एकटीच बाई. नवरा धोंडीराम तिथंच वेल्डर. आधी ती भंगार उचलायला जायची. कटरचा कारागीर काम सोडून गेला तेव्हा धोंडीरामने पत्रा कापायची जाळाची टॉर्च तिच्या हातात दिली, आणि काही वर्षांत जाड पत्रा तिच्याइतका सरळ कापणारं त्या शेडमध्ये कोणी उरलं नाही.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात तिच्या ध्यानात आलं की, टॉर्च बंद केली तरी ऑक्सिजन सिलिंडरवरच्या रेग्युलेटरचा, पाइपातला दाब दाखवणारा काटा हळूहळू वर चढतोय. म्हणजे सिलिंडरचा दाब आत अडत नव्हता, पाझरून टॉर्चच्या रबरी पाइपात उतरत होता.

"मालक, ह्यो रेग्युलेटर बाद झालाय," ती बाळासोंना म्हणाली.

"चालतंय की अजून. काम थांबलंय काय?"

"पाइप फुटल्यावर थांबंल."

ते हसले आणि चहा सांगायला गेले.

पुढच्याच आठवड्यात पाइप फुटला. धोंडीराम शेजारी वाकून पत्रा लावत होता. पाइपाचं सुटलेलं टोक त्याच्या डोळ्याखाली फाडकन बसलं. डोळा वाचला, गाल फाटला. बाळासोंनी दवाखान्याचं बघितलं, नवा पाइप आणला, आणि तो त्याच जुन्या रेग्युलेटरला जोडायला सांगितला.

ललिताने सिलिंडर बंद केला, रेग्युलेटर खोलला आणि त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"नवा आणा. मग पेटवते."

"सगळीकडं असंच चालतंय. तू सवताला कोण समजतीस?"

"जाळ माझ्या तोंडाम्होरं आसतो मालक, तुमच्या न्हाय."

"मग घरी बस."

ती निघाली, पण घरी बसली नाही. गालावर पट्टी बांधलेला धोंडीराम तिला समजावत राहिला, मालकांना एकदा चुकलं म्हण, विसरतील ते. ती म्हणाली, "आरशात बघा आदी. मग सांगा कुणाचं चुकलं." दिवाळीनंतर त्यानेही ते काम सोडलं.

कोडोलीला तिच्या माहेरच्या जागेत दोघांनी पत्र्याची शेड टाकली. रेग्युलेटर घ्यायला ती धोंडीरामला घेऊन कोल्हापुरात उद्यमनगरात गेली. दुकानदाराने साधा, एका टप्प्याचा पुढे सरकवला. "समदे ह्योच नेत्यात."

"सिलिंडर उतरत आला की ह्याचा दाब बदलतो. सारखी चावी फिरवाय लागती, काप वाकडा जातो. दोन टप्प्याचा दाखवा. आन् जाळ उलटा पाइपात शिरला तर अडवणारी झडप, ऑक्सिजनच्या आन् गॅसच्या, दोन्ही पाइपांना."

दुकानदार धोंडीरामकडे वळला. "पावणं, तुमीच सांगा की. एवढं कशाला लागतंय?"

"काटा ती बघणार हाय," धोंडीराम म्हणाला. "तिलाच इचारा."

तिने दुकानातच सिलिंडरवर लावून बघायचा हट्ट धरला. टॉर्च बंद केल्यावर काटा जागचा हलला नाही, तेव्हाच पिशवीत घातला.

पाटी रंगवताना भावकीतले म्हणाले, धोंडीरामचं नाव घाल, बाईच्या नावावर काम येणार नाही. तिने 'ललिता गॅस कटिंग' असंच लिहून घेतलं. सुरुवातीला खरंच कोणी फिरकलं नाही. मग एका गुऱ्हाळवाल्याची रस आटवायची काहील दुरुस्तीला आली, तिच्या मागून नांगर आले, गेट आले, हळूहळू ट्रॉल्याही. कोणी आपला जुना रेग्युलेटर आणून "ह्योच लाव की, तेवढंच कापायचंय" म्हणाला, तर ती सामान परत उचलायला लावायची. दोन-तीन गिऱ्हाइकं त्यावरून कायमची तुटली. तिने त्यांना बोलावलं नाही.

दोन हजार चार साली बाळासो जीपमध्ये लोखंडाच्या जाड प्लेटा घालून आले. जरा वेळ तिचं काम बघत उभे राहिले.

"परत ये," ते म्हणाले. "पायजे तो रेग्युलेटर आणतो."

"आणा की. पर माझ्यासाठी नगं. आत्ता तिथं कापत्यात, त्यांच्यासाठी आणा."

बाळासो जीपकडे गेले. मग त्यांनी आतल्या प्लेटांकडे बोट केलं. "ह्या तरी कापून देतीस न्हवं?"

"देते. दोघंजण तुमच्या आदी हायती. थांबाय लागंल," ललिता म्हणाली, आणि तिने काळा चष्मा डोळ्यांवर ओढला.