आडावरची हाक

आत्या गेल्याचा निरोप मला चाकणच्या बाजारात मिळाला. माहेरचे शेजारी सखारामबुवा कांद्याची गाडी घेऊन आले होते. मला शोधून काढलं आणि पागोटं सारखं करत म्हणाले, "ताई, आत्याबाई गेल्या. तुमास्नी न्ह्याया धाडलंय." त्यांच्याच गाडीतून चिंचवडला गेले. वाटभर ते बैलांशी बोलत होते, माझ्याशी नाही... बरंच झालं.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा गेला, सासरच्यांनी आणून सोडलं आणि ती आमच्या घरची झाली. झाली म्हणजे काय, तर सगळ्यांची आत्या झाली. वडीलसुद्धा 'आत्याला विचारा' म्हणत. दळणाला आत्या, बाळंतपणाला आत्या, आणि कुठं जायचं झालं की सामानापाशी आत्या! जत्रेत देव आम्ही बघायचा, चपला तिनं.

वडिलांना पिंपरीच्या नव्या कारखान्यात नोकरी लागली, त्या वर्षी दिवाळीनंतर ते आम्हां सगळ्यांना खंडाळ्याची दरी दाखवायला घेऊन गेले. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, फिरकीचा तांब्या असा थाट. दरी जवळ आल्यावर झाडाखाली सामान ठेवलं, सामानापाशी अर्थातच आत्या बसली आणि मंडळी पुढं गेली. माझ्या पायात काटा मोडला होता म्हणून मी मागं राहिले. आत्यानं काटा काढला, हातावर गूळ ठेवला आणि एकाएकी उठली. "चल," म्हणाली. सामानाचं काय, विचारलं तर म्हणते, सामानाला काय पाय फुटलेत? आत्याच्या तोंडून हे ऐकून मी गारच पडले.

आम्ही दुसऱ्या अंगानं कड्याशी गेलो. समोर सरळ उभा काळा कातळ, मध्ये नुसती पोकळी, खाली बघवेना. पलीकडून भावांच्या आरोळ्या घुमत होत्या. आत्या बराच वेळ ऐकत राहिली. मग पदर सावरून तिनं मोठ्यानं हाक मारली, "अंबू!" दरीतून आलं, अंबू... अंबू...

अंबू कोण, मी विचारलं.

"मीच की गं. लग्नात ताटातल्या तांदळावर सरस्वती लिहिलं. ते तांदूळ भटजींनी बांधून नेले, अंबूही त्यातच गेली."

परत आलो तो माकडांनी दशम्यांचा फडशा पाडलेला. वडील तिला नको नको ते बोलले. तिनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. पण मी बुटकी, खालून बघत होते... ती हसत होती.

पुढं माझंही लग्न झालं. माहेरची तारा तांदळात गेली, सासरची वसुधा बाहेर आली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात ते खोटं नाही. पाठवणीच्या वेळी आत्या कानाशी म्हणाली, माहेरी आलीस की आडावर ये. तेव्हापासून दर खेपेला आमचा तो रिवाजच झाला. परसात जायचं, कळशी सोडायच्या आधी वाकायचं, तिनं आत 'तारा' म्हणायचं आणि मी 'अंबू'. भाचीनं आत्याला नावानं हाक मारायची, म्हणजे आक्रीतच! पण पाण्यावरून आवाज वर आला की दोघींना बरं वाटायचं.

दहाव्याला दादा पवनेच्या घाटावर निघाला, तेव्हा मी त्याला म्हटलं, तिचं नाव अंबू होतं, ते घे. तो म्हणाला, शास्त्रात सासरचंच नाव लागतं. परत आला तो समाधानानं. कावळा लगेच शिवला, कसली म्हणून इच्छा मागं राहिली नव्हती, असं सगळ्यांना सांगत होता. मला फार एकटं वाटलं.

याला आता काही आठवडे झाले. परवा पुन्हा माहेरी गेले होते. दिवेलागणीच्या आधी आडावर गेले. दोर तिनं गुंडाळायची तसाच खुंटीला होता. वाकून 'अंबू' म्हटलं. अंबू आली. मग सवयीनं थांबले... पाणी गप्प. शेवटी मीच 'तारा' म्हणायला तोंड उघडलं, एवढ्यात दादाच्या धाकटीनं स्वयंपाकघरातून हाक मारली.

"आत्या, चहा गार होतोय!"

मी ओ दिली आणि आत गेले.