थान मावशींची शिकवणी

शनिवारी सकाळी थान शूवेन घराबाहेर पडायची तेव्हा तिच्या पिशवीत एक कोबी, आल्याचा तुकडा आणि घडी घातलेला एप्रन असायचा. पुस्तक नाही, वही नाही. पर्समधलं पेनसुद्धा नवऱ्याने काढून ठेवलं होतं. घरकामाला जाणाऱ्या बाईला पेन कशाला लागतं, असं तो म्हणाला होता, आणि तो विनोद करत नव्हता.

वसाहतीच्या टोकाच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर फू याजिंगच्या घरी ती कामवाली म्हणून जायची आणि तिथे तीन मुलांना इंग्रजी शिकवायची. त्या उन्हाळ्यात शाळेबाहेरच्या शिकवण्यांवर बंदी आली होती. आमच्या खायफंग शहरातल्या ज्या क्लासमध्ये शूवेनने उमेदीची सगळी वर्षं घातली, त्याचं शटर एका सकाळी उघडलंच नाही. बरोबरच्या बायकांपैकी एक विमा विकायला लागली, दुसरीने नखं रंगवायचं दुकान टाकलं. शूवेनने नुसतं घर घासलं. लाओ फेंग, म्हणजे तिचा नवरा, तिला म्हणायचा, हळू घास, खालच्यांच्या घरात पडशील.

मग एक दिवस चष्म्याचं दुकान चालवणारी फू याजिंग आली आणि सगळं ठरवूनच आली. तिची निऊनिऊ चौथीत होती. शेजारची मिमि आणि हांगहांगही येणार. मुलं दप्तराशिवाय, घरातल्या सपाता घालून येतील. मॅडम म्हणायचं नाही, मावशी म्हणायचं. टेबलावर भिजवलेली कणीक आणि सारण कायम तयार ठेवायचं. बेल वाजली की सगळ्यांनी ज्याओझ, म्हणजे सारण भरून उकडायच्या छोट्या करंज्या, वळायला घ्यायचे. शनिवारी घरात चार माणसं मिळून ज्याओझ वळतात, यात कोणाला काय दिसणार?

लाओ फेंग सरकारी शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचा. शिक्षकाच्या घरचं कोणी शिकवणी घेताना सापडलं तर त्याची नोकरी राहणार नाही, असं शाळेने बजावलं होतं. शूवेनला भीती होती ती तेवढ्याच एका गोष्टीची. लिफ्टचा दरवाजा अकराव्या मजल्यावर उघडला की ती आधी मान बाहेर काढून दोन्ही बाजूंना बघायची.

शिकवायला बसली की मात्र तिचा आवाज बदलायचा. कागद चालणार नव्हता, म्हणून जे काही शिकवायचं ते हाताशी असलेल्या वस्तूंनी. तिने आधी 'ऑन' हा शब्द घेतला, कारण आमची मुलं तिथेच घसरतात. आपल्या चिनी 'शांग'ला 'ऑन' समजतात आणि 'शांग' म्हणजे वर, एवढंच धरून बसतात. तिने पिठाचं बोट निऊनिऊच्या नाकाला लावलं. पीठ नाकावर, ऑन. मग दिवा दाखवला, टेबलाच्या वर टांगलेला. तो ऑन का नाही? मिमि म्हणाली, कारण तो शिवत नाही. बरोबर. छतावर एक माशी बसली होती. हांगहांग म्हणाला, ती तर छताच्या खाली आहे.

"खाली आहे, पण चिकटलीय ना?"

"चिकटलीय."

"मग ऑन. वर-खाली विसर. चिकटलंय का ते बघ. बोटातली अंगठी, भिंतीवरचं चित्र, कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा."

"मावशी, मग माझी आई फोनला चिकटलेली असते ते?" निऊनिऊने विचारलं.

"तेही ऑन," शूवेन म्हणाली, आणि स्वयंपाकघरातून फू याजिंगचं हसू ऐकू आलं.

झाडाचा धडा तिचा आवडता. फळ झाडाचंच, झाडातून आलेलं, म्हणून ऑन. पक्षी बाहेरून येऊन फांद्यांत शिरलेला, म्हणून इन. आपल्या भाषेत दोघंही नुसते झाडावर. तसंच आपण बातमी वर्तमानपत्राच्या वर वाचतो आणि राहतोही जगाच्या वर. इंग्रज दोन्हीकडे आत असतो. रेल्वेत उभं राहून चालता येतं, म्हणून ऑन. मोटारीत वाकून शिरून बसावं लागतं, म्हणून इन. वारांना ऑन, पण महिन्यांना नाही. मुलं कणकेच्या गोळ्या लाटत हे ऐकायची. लाटी बंद करताना बोटांनी चुण्या पाडायच्या आणि प्रत्येक चुणीला एक वाक्य म्हणायचं, अशी तिने रीत घातली होती. तिघांची इंग्रजी किती सुधारली ते परीक्षेत कळणार होतं, पण ज्याओझ फार सुबक व्हायला लागले होते.

बेल वाजली तो शनिवार ढगाळ होता. फू याजिंगने दाराच्या भोकातून पाहिलं आणि मागे वळून फक्त मान हलवली. मुलांनी बोलणं थांबवलं. शूवेनने मिमिच्या हातात सारणाचा चमचा दिला.

दारात वसाहत समितीची छ्याओताई होती, बाहीवर लाल पट्टी, आणि तिच्याबरोबर मोबाइल हातात धरलेला एक तरुण. कोणीतरी सांगितलंय की दर शनिवारी इथे मुलं जमतात, ती म्हणाली. तसं काही नसणार, पण बघून जावं लागतं. फू याजिंग भराभरा बोलत होती. माझी मुलगी, शेजारची मुलं, आजी येणार आहे जेवायला, या ना बसा. तरुणाने सोफ्याच्या उशा उचलून पाहिल्या, टीव्हीमागे डोकावला. दोन्ही हातांनी सारण कालवत शूवेन खाली बघत उभी होती.

छ्याओताईने टेबलाभोवती एक चक्कर मारली, एक ज्याओझ उचलून चुण्या पाहिल्या आणि सहज विचारलं, "भूक कोणाकोणाला लागलीय?"

तीन हात वर झाले. डावा हात टेबलावर आडवा, उजव्याचं कोपर त्याच्याजवळ टेकलेलं, बोटं जुळलेली, पंजा ताठ. देशातलं प्रत्येक मूल वर्गात हात वर करतं तसा. आणि हांगहांग खुर्ची मागे सरकवून उभा राहिला, कारण शाळेत उत्तर उभं राहून द्यायचं असतं.

नेमका तेव्हाच त्या तरुणाने टेबलाचा फोटो घेतला.

छ्याओताईने त्या तीन हातांकडे पाहिलं आणि मग शूवेनकडे.

"हात खाली करा, बाळांनो. जेवायच्या टेबलावर हात वर करत नाहीत." मग शूवेनला म्हणाली, "फार शिस्तीची मुलं आहेत."

छ्याओताई दारापर्यंत गेली, बूट चढवताना भिंतीला हात टेकला आणि तिच्याकडे न बघता म्हणाली, "फेंग सरांना सांगा, छ्याओने विचारलंय म्हणून."

घरी येऊन शूवेनने सगळं सांगितलं. लाओ फेंगने पुन्हा पुन्हा विचारलं: नेमकं काय म्हणाली, कुठल्या आवाजात म्हणाली, हसून की न हसता. शूवेनला आठवेना. न हसता असेल. फोटो कुठे गेला असेल, हे दोघांनाही माहीत नव्हतं, आणि विचारणार तरी कोणाला? रविवारी ते बाहेर पडलेच नाहीत. जिन्यात पावलं वाजली की दोघं बोलता बोलता थांबायचे आणि पावलं वरच्या मजल्याकडे गेली की पुन्हा सुरू करायचे.

संध्याकाळी शाळेतून निरोप आला. मुख्याध्यापकांनी सोमवारी पहिल्या तासाआधी भेटायला सांगितलंय. कशासाठी, ते नव्हतं.

लाओ फेंग म्हणाला, आपणच आधी सांगून टाकू. त्याचे वडील कापडगिरणीत होते. त्या वाईट वर्षांत, माणसांना भर सभेत गुन्हेगार ठरवायचे तेव्हा, एकदा नावं घ्यायला सुरुवात होण्याआधीच त्यांनी स्वतः उभं राहून आपली चूक कबूल केली होती, आणि सुटले होते. शेजारच्या यंत्रावरचा कामगार गप्प बसला. त्याला नेलं आणि तो परत आला नाही. हे फेंगने लहानपणी इतक्यांदा ऐकलं होतं की विचारण्याआधी बोलणं ही त्याला सभ्यताच वाटायची.

"ते दिवस गेले," शूवेन म्हणाली. "त्यांना काय माहितीय ते आधी ऐकून घे. तोंड उघडू नकोस. माझी शपथ आहे."

"बरं."

"बरं नको म्हणूस. शपथ घे."

त्याने घेतली.

सोमवारी दुपारी तो वेळेआधी घरी आला. शूवेन शेंगा निवडत होती. तो खुर्चीत बसला आणि बूट काढायचे विसरला.

"क्रीडादिन आहे," तो म्हणाला. "लांब उडीच्या खड्ड्याजवळ उभं राहायचं काम मला द्यायचं होतं. म्हणून बोलावलं होतं."

शूवेनने सुटकेचा श्वास घेतला आणि तो घेता घेताच त्याचा चेहरा तिला दिसला.

"कधी कळलं तुला? ते क्रीडादिनाचं?"

"नंतर," लाओ फेंग म्हणाला.

मग तिने एक एक करत काढून घेतलं. तो आत गेला तेव्हा मुख्याध्यापक पेल्यात चहाची पानं टाकत होते. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, या फेंग, बसा. तेवढ्याने याचं उरलंसुरलं बळ गेलं. उभ्याउभ्याच सगळं बोलून टाकलं. कार्यालयाचा कारकून कपाटापाशी उभा होता, तेही याला दिसलं नाही. मुख्याध्यापकांनी आधी कारकुनाकडे पाहिलं. मग म्हणाले, फेंग, तुम्ही मला काही जागाच ठेवली नाहीत. आता दोघांनी ऐकलंय. मला हे वर कळवावं लागेल. कदाचित नोकरी जाणार नाही, तुम्ही स्वतः सांगितलंत हे लिहीन मी. पण शहराबाहेरच्या शाखेत जावं लागेल, आणि वर्ग नाही मिळायचा. आणि क्रीडादिनाला या.

"म्हणजे छ्याओताईने काही कळवलं नव्हतं," शूवेन म्हणाली.

"नसेल."

तिने आणखी एका शेंगेचा दोरा काढला. मग हात थांबला.

"घर कोणाचं, ते विचारलं त्यांनी?"

लाओ फेंग बुटांच्या नाड्यांशी खेळत राहिला.

"सांगितलंस?"

"अर्धं सांगितलं की जास्त संशय येतो, शूवेन."

फोन करावा म्हणून तिने मोबाइल हातात घेतला आणि परत ठेवला. बोललेलं कुठेतरी उरतं. लिहिलेलं तर उरतंच. ती घरातल्या सपातांवरच निघाली आणि टोकाच्या इमारतीत गेली.

दार फू याजिंगने उघडलं. तोंडाला कसलासा पांढरा लेप लावला होता, त्यातून हसत म्हणाली, "बरं झालं आलात. छ्याओचा मला काल निरोप आला. म्हणे, शनिवारऐवजी बुधवारी करा, तिची तपासणी शनिवारी असते. बघा, माणूस आहे ती. आता आत या, आणखी एका मुलीची आई मागे लागलीय."

शूवेन उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. आतून निऊनिऊ मोठ्याने काहीतरी पाठ करत होती.

"मी आत येत नाही," ती म्हणाली. "लाओ फेंगने शाळेत सांगितलंय. तुमचं नावही. उद्यापर्यंत कोणी येईल."

लेपामुळे फू याजिंगच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. फक्त डोळे हलले. तिने आधी शूवेनच्या खांद्यावरून डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग समोरच्या बंद दाराकडे. मागे वळून मुलीला गप्प बस म्हणाली. तिने शिवी दिली असती तर शूवेनला बरं वाटलं असतं. दार तिने सावकाश लावलं, आवाज होऊ नये म्हणून कडी हाताने धरून.

लिफ्ट अकराव्या मजल्यावरच उभी होती, उघडी. आत वरच्या कोपऱ्यात कॅमेरा होता. शूवेन जिन्याने खाली उतरली.