खडू पुसता येतो

"पूस ते," वर्क्स मॅनेजर म्हणाले. "पदरानेच पूस. कपडा शोधत बसू नकोस."

मी पुसलं. चंद्रपूरजवळच्या पत्र्याच्या कारखान्यात, भर दुपारी, माल घ्यायला आलेल्या पाहुण्यांसमोर, गुडघ्यांवर बसून मी माझ्याच हातच्या खडूच्या खुणा पुसल्या. पत्र्याला तेल होतं. पदर काळा झाला. पाहुणे चहा पीत होते.

"ढिवर की बेटी है," साहेब त्यांना म्हणाले. "तालाब समझ के जाल डालती है. जहाँ देखो वहाँ मछली."

सगळे हसले.

मुलांनो, तुम्ही फोनवर विचारता, आजी फॅक्टरीत नक्की काय करायची. हे करायची. पातळ पत्रा वरून आरशासारखा दिसतो. पण लाटताना कधी कधी आत दोन थर सुटे राहतात, भाकरीचा पापुद्रा सुटतो तसे. डोळ्यांना ते दिसत नाही. पत्र्याला तेल लावायचं, त्यावर यंत्राची कांडी टेकवायची. माणसाला ऐकू न येणारा आवाज पत्र्यातून धावतो. आत पापुद्रा असला की मधूनच माघारी फिरतो आणि यंत्राच्या पडद्यावर नको तिथे टोक उभं राहतं. तिथे खडूने गोल काढायचा. त्या पत्र्याचे पुढे स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर होत.

पाहुण्यांना माल घाईने हवा होता. माझे गोल आडवे आले.

माझ्या बापाने तलावातली मासळी विकून मला इंग्रजी शाळेत घातलं, फिजिक्सची पदवी घेऊ दिली. मुलाखतीत माझं इंग्रजी ऐकून हेच साहेब खूश झाले होते. मग गाव विचारलं. मग बाप काय करतो ते विचारलं. त्या दिवसापासून माझ्या हाताखालचे पुरुष 'साहेब' आणि मी 'ए ढिवरीण'. मी डबा उघडला की कुणीतरी मुद्दाम उठून खिडकी उघडायचं. डब्यात बहुतेक वेळा वांग्याची भाजी असे.

सोडून जाणार कुठे? क्वार्टर कारखान्याचं. वीजपाणी कारखान्याचं. तुमचे बाबा ज्या शाळेत जात ती कारखान्याची. तुमचे आजोबा अंथरुणाला खिळलेले, त्यांचं औषध कारखान्याच्या दवाखान्यातून यायचं. भाजी आणायला निघालं तरी गेटवर सांगून निघायचं. माझं सगळं त्या भिंतीच्या आत होतं आणि किल्ली एका माणसाच्या खिशात.

संध्याकाळी पदर धुतला. डाग निघाला नाही.

"आई, पडलीस का कुठे?" तुमच्या बाबांनी विचारलं.

मी हो म्हटलं. पोळ्या लाटायला घेतल्या. आमच्याही ओट्याखाली तसलाच सिलिंडर होता. माझं लक्ष सारखं तिकडे जात होतं.

सकाळी ट्रक लागायच्या आधी मी यंत्र घेऊन यार्डात गेले. पुसलेले पत्रे तसेच रचलेले होते. पत्रे उलटवणारे शंकरभाऊ बिडी विझवून जवळ आले.

"बाई, काल तं पुसल्या ना खुणा. आता कायले तपासून राह्यल्या?"

"पुन्हा करायच्या आहेत, भाऊ."

"साहेब पुन्हा पुसाले लावन."

फिटरच्या पेटीतून मी हातोडी आणि पंच आणला. पंच म्हणजे टोकदार पोलादी कांब. पत्र्यावर टेकवून ठोकली की खड्डा पडतो. पडद्यावर टोक उभं राहिलं तिथे मी पंच टेकवला आणि ठोकला.

शंकरभाऊ बघत राहिले. "हा पत्रा आता कोनी घेनार नाई, बाई."

"म्हणूनच ठोकते आहे."

"तुमाले काढून टाकन."

"हो."

शंकरभाऊंनी दुसरा पत्रा उलटवून माझ्यासमोर ठेवला.

मग साहेब आले. मागून पाहुणे.

"हे कुणी केलं?"

"मी."

"तुझ्या बापाने तरी पत्रा पाहिला होता का कधी?"

"पाहिला होता. आमच्या घरावर होता. गळायचा."

या वेळी कुणी हसलं नाही. साहेबांनी एका खड्ड्यावरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला.

ते पत्रे गेले नाहीत. माझी नोकरी गेली. क्वार्टर सोडताना आजोबांना खाटेसकट टेम्पोत चढवावं लागलं. त्याच वर्षी ते वारले. दवाखाना हाताशी असता तर जगले असते का, मला माहीत नाही. साहेबांना बढती मिळाली. माझ्या जागी दुसरा माणूस आला. पुढचा माल कसा गेला, ते मला कुणी सांगितलं नाही.

काही महिन्यांनी भद्रावतीच्या एका छोट्या कारखान्यात मुलाखतीला गेले. मालकांनी काही विचारायच्या आधी मीच विचारलं, "दोष सापडला की तुमच्याकडे खूण कशाने करतात?"

"खडूने."

"मी पंचाने करीन," मी म्हटलं. "चालत असेल तरच पुढचं विचारा."