अण्णांच्या मोटारीतले हिरवे आकडे

आमची मोटार मी बी.एस्सी. होईपर्यंत व्यवस्थित चालत होती.

मोटार एका जुन्या जहागीरदाराची. काळी, हत्तीच्या पाठीसारखी. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती घेतली तेव्हापासून ताडकळसच्या पंचक्रोशीतला प्रत्येक नवरदेव तिच्यातूनच मांडवापुढं उतरायचा. अण्णा शाळेत गेले नव्हते. नोटा रंगावरून, वेळ घड्याळाच्या काट्यांवरून आणि कुठल्या गावची एसटी ते ड्रायव्हरच्या मिशीवरून ओळखायचे! (कधी चुकले नाहीत.)

विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्च्यांत परीक्षा लांबत गेली, तरी मी पास झालो. घराण्यातला पहिला पदवीधर! मग विज्ञानाचा उजेड घरात पाडायलाच हवा. माझी बहीण शकू, तिच्या लग्नाआधी मी हैदराबादहून आकड्यांचे मीटर आणले. डॅशबोर्डवरचे काट्यांचे गोल मीटर उपटले, करवतीनं भोकं चौकोनी केली आणि चावी फिरवली. वेग, पेट्रोल, इंजिनातल्या पाण्याची उष्णता... सगळे आकडे हिरवेगार चमकले!

अण्णांनी बराच वेळ पाहिलं.

"काटे कुठंयत रे?"

"काट्यांचा जमाना गेला, अण्णा. आता डिजिटल!"

"असं? लय भारी हाय."

तेव्हाच मला कळायला हवं होतं. अण्णांना एखादी गोष्ट खरोखर आवडली की ते शिवी देऊन कौतुक करायचे!

लग्नाच्या दिवशी नवरदेव रेल्वेनं पिंगळी स्टेशनावर उतरला. आज स्वतःचा जावई न्यायचा म्हणून अण्णांनी कोरा फेटा बांधलेला. शेजारी नवरदेवाचे मामा, त्यांचा फेटा त्याहून मोठा. मागं नवरदेव आणि मी. मला डॅशबोर्डऐवजी फक्त दोन फेटे दिसत होते.

निम्म्या वाटेत जळका वास आला.

"अण्णा, पाण्याचा आकडा बगा!"

"हिरवा हाय."

"आकडे हिरवेच असतात! किती हाय ते सांगा!"

"लय हिरवा हाय!"

(पिंगळीच्या सिग्नलवर हिरवं दिसलं की रेल्वे जाते. मग मोटारीनं का थांबावं?)

मामा पुढं वाकले. "एकशे आठ! आरं, मोटार हाय का इमान! कशी पळायलीय!"

"मामा, तो वेग न्हाई! पाणी उकळायलंय! अण्णा, थांबवा!"

फस्स्! बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. मामांनी फेट्यासकट ज्वारीत उडी घेतली, नवरदेव मुंडावळ्या सांभाळत बाभळीमागं! मुहूर्त टळायला आलेला. शेवटी एका उसाच्या बैलगाडीला हात केला आणि नवरदेवाला मोळ्यांवर बसवलं.

वेशीवर कुणीतरी ओरडलंच, "अण्णा, जावई मांडवात न्यायचा का कारखान्यात?"

सगळा गाव हसला. मीही हसलो असतो. पण आजवर लोकांचे जावई थाटात आणणारे अण्णा स्वतःच्या मांडवापुढं बैलांच्या शेपट्या बघत उतरले, मान खाली घालून.

शकूची पाठवणी झाल्यावर मी विचारलं, "आकडे कळत न्हाईत, हे आधीच कामून सांगितलं न्हाई?"

"तू लय खुशीत होतास."

दुसऱ्याच दिवशी मी काटे परत बसवायला घेतले. पण गोल भोक चौकोनी करता येतं, चौकोनी भोक गोल करता येत नाही, हे बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमात नव्हतं!

पूर्वी बाजारच्या दिवशी अण्णा एकटेच मोटार काढायचे, गुणगुणत परत यायचे. ते बंद झालं. आता आकडे वाचायला शेजारी मी! नुसते आकडे नाहीत, वर सूचनाही: "अण्णा, साठच्या वर न्हाई! गिअर बदला! वळण हाय, सावकाश!"

एकदा पेडगावच्या अलीकडं अण्णांनी मोटार कडेला घेतली आणि माझ्याकडं शांतपणे पाहिलं.

"जुना काटा बरा व्हता. नुसता दाखवायचा. शिकवायचा न्हाई."