न सुटलेली लेस

सर गेल्याचं मला शालूनं कळवलं. सकाळी ऑफिसला निघताना तिचा फोन आला. "प्रज्ञा, साळवे सर गेले वं..." एवढंच बोलून ती रडायला लागली. मीही रडले. पण खरं सांगायचं तर त्याआधी मला भीती वाटली होती. बारा दिवसांपूर्वी सरांनी मला घरी बोलावून एक गोष्ट सांगितली होती. ती शालूला सांगायची की नाही, हे ठरवणारी आता मी एकटीच उरले होते.

याकोब साळवे सर आमच्या मिशनच्या शाळेत पीटीचे शिक्षक. गळ्यात शिट्टी, बोटांना कायम मैदान आखायच्या फक्कीची पांढरी पूड आणि नागपूरच्या उन्हात उभं राहून बारीक झालेले डोळे. आम्हा मुलींना ते खो-खो शिकवायचे, पण त्यांचं खरं लक्ष खेळापेक्षा आमच्यावर असायचं. त्यांचा एक नियम होता. पाठलाग करणारीचा हात आपल्याला लागला आणि पंचाला दिसला नाही, तर आपणच हात वर करून बाहेर यायचं. "प्रभू काही पंचाच्या शिट्टीची वाट पाहत नाही," असं म्हणायचे. त्यांची दुसरी रीत तर मी आजवर कुठल्याच मैदानावर पाहिली नाही. सामन्याच्या सकाळी ते समोरच्या संघातल्या मुलींची नावं चिठ्ठ्यांवर लिहून आणत. प्रत्येकीनं एक चिठ्ठी उचलायची आणि त्या मुलीसाठी प्रार्थना करायची. मी बौद्ध घरातली. पहिल्याच वेळी मी अडून बसले. "सर, मले तुमची प्रार्थना येत नाही." सर हसले. "मले तरी कुठं तुमची वंदना येते? डोळे मीट अन् त्या पोरीचं भलं व्हावं, एवढं मनात आण. बाकी मी वर सांगून देतो."

शालू भिवापूरची. शाळेच्या बोर्डिंगमध्ये राहायची. तिची आई मिरचीचे देठ तोडायच्या कामाला जायची आणि दहावीनंतर शालूही तिथंच बसणार, हे घरात ठरल्यासारखं होतं. एकच वाट होती. आंतरशालेय अंतिम सामना जिंकला तर संघातल्या मुली पुढच्या निवडीला जाणार होत्या, आणि तिथून शालूला सरकारी क्रीडा वसतिगृहात जागा मिळण्याची आशा होती. ती आमच्यातली सगळ्यात चपळ, तिची निवड होणार याबद्दल कोणालाच शंका नव्हती. त्या सकाळी तिनं माझा हात घट्ट धरला. "मले मिरचीत नाही बसायचं प्रज्ञा. हात लय जळते वं." मी तिला वचन दिलं की आपण जिंकणार. मग चिठ्ठी उचलली. नाव होतं रेखा उईके.

सामना शेवटच्या मिनिटावर आला तेव्हा आम्ही एका गुणानं पुढे होतो आणि आमच्याकडून मैदानात मी एकटी होते. शालूचा पाय आधीच मुरगळला होता, ती रेषेबाहेर बर्फाचा फडका धरून बसली होती. मी बाद झाले तर बरोबरी, मग जादा डाव, आणि शालूशिवाय तो आम्ही हरणार हे मैदानावरच्या प्रत्येकाला कळत होतं. खांबापाशी वळताना माझ्या कोपराला बोटं लागली. चांगली लागली. "लागली! लागली!" मागून रेखा ओरडली. पंच खांबाच्या पलीकडे होते, त्यांनी मान हलवली. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं असतं तरी माझा हात वर गेला असता... सर बुटाची लेस बांधायला वाकले होते. मी पळत राहिले.

शिट्टी झाली. आमच्या मुलींनी मला उचललं. रेखा पंचांशी भांडत होती आणि पंच तिला सगळ्यांसमोर खडसावत होते, "हरली की खोटं बोलते काय?" ती रेषेवर उभी राहून रडली. सकाळी मी जिचं भलं मागितलं होतं, तीच ही. सरांनी आम्हाला गोल उभं केलं, आभाराची प्रार्थना सुरू केली आणि "हे प्रभू" म्हणून थांबलेच. त्यांना आनंदानं बोलवत नाही, असं सगळ्यांना वाटलं.

शालू निवडली गेली. आज ती हिंगण्याच्या एका शाळेत पीटीची शिक्षिका आहे आणि तिच्या संघातल्या मुलींनाही हात वर करायला शिकवते. मी दहावीच्या अभ्यासाचं निमित्त काढून खो-खो सोडला. जिंकलेली ढाल शाळेच्या हॉलमध्ये कधीच लागली नाही. मुख्याध्यापकांनी विचारलं की सर म्हणत, पॉलिशला दिली आहे. वर्षानुवर्षं ती ढाल पॉलिशलाच होती! आम्ही त्यावरून सरांची टिंगल करायचो. आतून मी चोरासारखी असायचे, कारण मला वाटत होतं की माझी चोरी मला एकटीलाच माहीत आहे.

त्या शेवटच्या भेटीत सर खाटेवर उशीला टेकून बसले होते. धाप लागत होती. साळवे काकूंना त्यांनी चहाला आत पाठवलं आणि म्हणाले, "हात लागला होता. मी पाहिलं होतं." मी खाटेजवळ सरकले. "अन् मी वाकलो. लेस सुटली नव्हती वं, प्रज्ञा." धाप ओसरल्यावर पुढे म्हणाले, "तू लेकरू होती. मी मोठा होतो. शालूचं तोंड पाहिलं अन्... जिंदगीभर पोरींले शिकवलं, अन् त्या दिवशी मीच पाठ फिरवली." मी विचारलं, शालूला सांगू का? त्यांनी डोळे मिटले. "मी सांग म्हणत नाही. नको सांगू, असंबी म्हणत नाही." मला त्यांचा राग आला, हे कबूल करते. मरणाऱ्या माणसानं आपलं ओझं माझ्या डोक्यावर ठेवून मोकळं व्हावं, असा राग.

अंत्यविधीनंतर काकूंनी मला जुन्या टॉवेलात गुंडाळलेली ढाल दिली. मागच्या लाकडाला एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. रेखा उईके.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये स्मरणसभा झाली. शालू माझ्या शेजारी होती. ज्याला त्याला सरांचा खरेपणा आठवत होता. पाळकांनी विचारलं, आणखी कोणाला बोलायचं आहे? उठून नुसतं चांगलं चांगलं बोलता आलं असतं, गप्पही बसता आलं असतं. मी हात वर केला. ढाल टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं, माझं आणि सरांचं. मागून कोणीतरी म्हणालं, "मेलेल्या माणसाचं आता काहून काढून राहिली?" काकू रडत होत्या, पण त्यांनी मला थांबवलं नाही. शालू उठली आणि माझ्याकडे न पाहता बाहेर निघून गेली. जिचं सगळं आयुष्य त्या एका मिनिटावर उभं आहे, तिच्या पायाखालची जमीन मी भर सभेत काढून घेतली होती. त्यानंतर तीन आठवडे तिनं माझा फोन उचलला नाही.

काल तिचा मेसेज आला. "रेखा उईकेचा पत्ता काढला. नरखेडकडं एका गावात राहते. रविवारी सकाळच्या एसटीनं जाऊ. ढाल आण. मी येतो, पण तुझ्याशी बोलणार नाही."

न बोलता का होईना, ती येते आहे. ढाल मी पिशवीत भरून दाराशी ठेवली आहे. चिठ्ठी मात्र काढून जवळ घेतली आहे. रविवारी निघण्याआधी ती समोर धरून डोळे मिटायचे आणि त्या पोरीचं भलं व्हावं, एवढं मनात आणायचं. बाकी वर सांगायला सर आहेत.